बदलीचा माणूस

१४ जुलै

भाऊजींस,

आशीर्वाद आधी, तक्रार मागून. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही नुसतं "हं, हं" करता आणि त्याच वेळी समोरची फाइल वाचता, हे मला इथून दिसतं. शिवाय फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि बाहेरच्या खोलीत तुमचे दादा आहेत. म्हणून कागद काढला. पत्र निदान पुरतं वाचाल.

आमच्या गल्लीची रड तुम्हाला थोडीफार ठाऊक आहे. गेल्या वर्षी नदीवरचा पूल दुरुस्तीला काढला आणि नगरपालिकेने सगळी वाहनं आमच्या गल्लीतून वळवली. तात्पुरती, असा फलक होता. पूल कधीच पुरा झाला, फलक काढून नेला, वाहनं राहिली. बाजाराकडे जायला ही वाट जवळची, हे एकदा कळल्यावर कोण सोडतंय? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो म्हणतात. इथे म्हातारी अजून मेलेली नाही. ती खिडकीशी मशीनवर बसून शाळेच्या गणवेशांना कॉलर लावते आहे आणि काळ तिच्या डोळ्यांसमोरून ट्रक हाकत नेतो आहे.

बेकरीच्या पुढे गल्ली वळते आणि वळण संपतं तिथेच शाळेचा दरवाजा, हे तुम्हाला आठवत असेल. गाडीवाल्याला मुलं दिसतात ती एकदम गाडीच्या तोंडाशीच. मार्चमध्ये एका मुलीची पाण्याची बाटली चाकाखाली गेली. मुलगी वाचली. मी ते खिडकीतून पाहिलं, आणि मशीनची सुई माझ्या बोटात शिरली ती मला बऱ्याच वेळाने कळली. दुसऱ्या दिवशी तुमच्या दादांनी ट्रंकेतून रेल्वेचा खाकी कोट काढला, लाल-हिरव्या झेंड्या काढल्या, आणि शाळा भरताना-सुटताना वळणावर उभे राहायला लागले. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. जन्मभर फाटकावर उभं राहून गाडी येते म्हणून माणसं थांबवली, आता माणसं येतात म्हणून गाड्या थांबवतात. मुलं त्यांना झेंडीआजोबा म्हणतात. कोट बघून ट्रकवालेसुद्धा वचकतात. त्यांना वाटतं हा कोणीतरी सरकारी माणूस.

पण असं किती दिवस? म्हणून शाळेच्या हेडबाई, बेकरीवाले आणि मी, आम्ही सगळ्यांच्या सह्या घेऊन पालिकेला अर्ज दिला. मागणी एवढीच, की पुलाकडच्या टोकाला लोखंडी खांब रोवा. माणूस जाईल, सायकल जाईल, मोटार जाणार नाही. पालिकेने दोन मुलं पाठवली. त्यांनी वळणावर रस्त्याला आडव्या काळ्या रबरी नळ्या ठोकल्या, विजेच्या खांबाला एक डबा बांधला आणि आठवड्याने येतो म्हणून गेली. तुमच्या दादांनी त्या नळ्यांना जिवापाड जपलं. सरकारी माल, फाटला तर पुन्हा कोण टाकणार? म्हणून शाळेच्या वेळेपुरतेच नाही, तर सकाळपासून दिवे लागेपर्यंत तिथे उभे. प्रत्येक गाडीवाल्याला सांगायचे, हळू घ्या, खाली नळी आहे.

काल पालिकेचं उत्तर आलं. "सदर रस्त्यावरील वाहनांचा वेग विहित मर्यादेत आढळून आल्याने रस्ता बंद करण्याची आवश्यकता दिसून येत नाही." हेडबाईंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसल्या. तुम्ही दुसऱ्या गावात का होईना, असल्याच खुर्चीवर बसता. हे काय लिहिलंय ते मला माणसांच्या भाषेत सांगा.

दादा बरे आहेत. जेवण बरं, झोप बरी, कान-डोळे वयाप्रमाणे.

तुमची,
वहिनी

२२ जुलै

वहिनी,

साष्टांग नमस्कार. फाइल खरंच समोर होती.

तुम्हाला आलेलं पत्र मला पाठ आहे. आमच्या शहरातही तेच जातं, खालची सही तेवढी वेगळी, आणि पुष्कळदा ती माझीच असते. चाक नळीवरून गेलं की आतली हवा दाबली जाते आणि डबा त्याची नोंद करतो. पहिली नळी आणि दुसरी नळी यांच्यामध्ये किती वेळ गेला त्यावरून वेग काढायचा. बहुतेक गाड्या मर्यादेच्या आत असल्या तर रस्ता सुरक्षित, असा नियम. नियम वाईट नाही.

पण वहिनी, तुमच्या त्या सुरक्षित रस्त्यावर नळ्यांच्या शेजारी खाकी कोट घालून, हातात लाल झेंडी घेऊन दादा उभा होता. वर प्रत्येकाला हळू घ्या म्हणून सांगत होता. यंत्राला कोट दिसत नाही. त्याने एवढंच टिपलं, की या गल्लीत गाड्या गाईसारख्या चालतात. तुमचा अर्ज पालिकेने नामंजूर केला नाही, दादाने केला. मी हे वाचून ऑफिसात एकटाच हसलो, मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सगळं सांगायला लागलो आणि मध्येच माझं हसू ओसरलं.

इलाज सोपा आहे. फेरमोजणीसाठी अर्ज करा, तो मिळतो. आणि नळ्या असतील तेवढा आठवडा दादाला घरी बसवा. त्याला म्हणावं, एक आठवडा गल्लीला तिचं खरं तोंड दाखवू दे.

तुमचा,
साहेब (हे नाव तुम्हीच ठेवलंय)

२ ऑगस्ट

भाऊजी,

सोपा इलाज करून पाहिला. आता घरात भांड्याला भांडं लागल्याचाही आवाज नाही, कारण आम्ही दोघं एका वेळी स्वयंपाकघरात जात नाही.

चहा देताना मी विषय काढला. म्हटलं, भाऊजी म्हणतात की तुम्ही उभे राहता म्हणून वेग कमी भरतो. आधी त्यांना बरं वाटलं. खरंच कमी भरतो ना, म्हणाले. मग मी पुढचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "फाटक उघडं टाकून आत बसू?" म्हणाले. "आणि त्या आठवड्यात कोणाचं पोर द्यायचं, तेही त्यालाच ठरवायला सांग." एवढं बोलून कोट चढवला आणि शाळेला सुट्टी असताना वळणावर जाऊन उभे राहिले.

मी चिडले. मग रात्रभर विचार करून माझी मीच वरमले. पालिकेला पटायचं तर गाड्या सुसाट जायला हव्यात, आणि गाड्या सुसाट जात असताना मुलं त्याच रस्त्यावर असणार. मोजणी खरी व्हावी म्हणून धोका खरा होऊ द्यायचा, हे कुठल्या तोंडाने सांगू? आम्हाला मूल नाही, म्हणून की काय, त्यांना गल्लीतली सगळीच पोरं आपल्या नावावर वाटतात.

आता तुमच्यापासून लपवलेलं सांगते. कान-डोळे वयाप्रमाणे, असं मी लिहिलं होतं ते खोटं. त्यांचा डावा कान पार गेला आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, तो परत यायचा नाही. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला ताकीद होती. भाऊजी, वळणावर उभं राहिलं की गाड्या डावीकडूनच येतात. मागच्या आठवड्यात एका मोटारसायकलने त्यांची बाही ओढून फाडली. मी बाही शिवून दिली आणि त्यांनी ती घातली.

तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीत आहे. बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे फाटकावरचं शास्त्र ते घरातही पाळतात. मला बाजारात न्यायचं कबूल करून शेजाऱ्याचा कुत्रा राखत बसलेला माणूस आहे हा. तुम्हीच काही सुचवा. मी पालिकेला काय लिहू?

वहिनी

११ ऑगस्ट

वहिनी,

कानाचं मला इतक्या उशिरा कळावं याचं वाईट वाटलं. त्याला कानातलं यंत्र घेऊन द्या. मी पाठवतो म्हणालो तर तो घेणार नाही, तेव्हा तुम्ही घेतलं असं सांगा.

बाकीचं थोडं स्पष्ट लिहितो, रागावू नका. माझ्या टेबलावर रोज कोणत्या ना कोणत्या गल्लीचा अर्ज येतो. प्रत्येकाला आपली गल्ली बंद हवी असते आणि शेजारची उघडी. तुमची गल्ली बंद केली की त्या गाड्या आकाशात उडून जात नाहीत. त्या तुमच्या मागच्या गल्लीत जातात, आणि तिथेही कोणाची तरी मुलं असतात. मोजायचं नाही म्हटलं तर ज्याचा आवाज मोठा, ज्याचा मेहुणा नगरसेवक, त्याची गल्ली बंद होणार. मी हे होताना पाहिलं आहे. आकड्याला मेहुणा नसतो, म्हणून आम्ही आकडा धरून बसतो. दादा झेंडी धरून बसतो तसंच समजा.

पण दादाला पोरांची काळजी आहे म्हणून तो जागा सोडत नाही, हे मला तुम्ही नका सांगू. बाबा गेले त्या दिवशी दवाखान्यात मी एकटा होतो. मला नोकरीसुद्धा लागली नव्हती तेव्हा. बाबा सारखे दाराकडे बघत होते. मी सांगत राहिलो, येतोय, दादा येतोय. तो आला तेव्हा नर्स पलंगावरची चादर बदलत होती. मी विचारलं, कुठे होतास? म्हणाला, बदली आली नव्हती. बस, एवढंच. त्यावर आजपर्यंत तो एक शब्द बोललेला नाही.

त्याला झेंडी धरायला आवडते, वहिनी. झेंडी वर केली की जग थांबतं. मग मागे घरात कोण चाललंय, कोण गेलंय, हे बघावं लागत नाही. हे पत्र त्याला दाखवू नका.

तुमचा,
भाऊजी

१९ ऑगस्ट

धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्यासाठी नव्हतं. पण घरात टेबल एकच आहे, आणि तुझ्या वहिनीला एखादी गोष्ट खरंच लपवायची असली तर ती टेबलावर ठेवत नाही. मला वाटतं तिने मुद्दाम ठेवलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे विचारलं नाही.

मला लिहिण्याचा सराव नाही. फाटकावर दोनच गोष्टी लिहायच्या असत, गाडी कधी गेली आणि चार्ज कोणाला दिला.

बाबांचा निरोप मला सकाळीच मिळाला होता. मी स्टेशनात बदली मागितली. नेहमीचा माणूस तापाने पडलेला, दुसरा लांबच्या फाटकावरून यायचा होता. तू तेव्हा म्हणालास, फाटक लावून निघून यायचं होतंस. मी उत्तर दिलं नाही कारण तू रडत होतास. आता देतो. लावलेल्या फाटकाखालून माणसं वाकून जातात. सायकल आडवी करून काढतात. पोरं जातात, डोक्यावर ओझं घेऊन बाया जातात. आडवं लाकूड कोणाला थांबवत नाही. शेजारी माणूस उभा असतो म्हणून थांबतात. हे मला बाबांनीच शिकवलं, त्याच फाटकावर. त्यांनी माझ्याआधी तिथे उभं राहून केस पांढरे केले होते.

ते दाराकडे बघत होते हे मला माहीत नव्हतं. तू कधी बोलला नाहीस. आज कळलं. कळलं ते बरं झालं, पण दोन दिवस जेवण गेलं नाही.

मला झेंडी धरायला आवडते हे तुझं खरं आहे. पण कायमची धरायची हौस नाही. खांब बसू देत. खांबाखालून ट्रक वाकून जात नाही. तोवर मी जागा सोडणार नाही. बदली आली तर सोडेन, नाहीतर नाही. उजवा कान चांगला आहे. हल्ली जरा तिरका उभा राहतो.

दादा

३० ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र खिशात घालून हिंडतो आहे. त्याचं उत्तर कागदावर द्यायला जमत नाही. बाबांबद्दल समोरासमोर बोलू. ऑक्टोबरात मला रजा मिळेल, तेव्हा येतो. त्या वेळी वळणावर नको, घरात बस म्हणजे झालं.

कामाचं लिहितो. फेरमोजणीच्या अर्जात असं घाला, की नळ्या वळणावर नकोत, वळणाच्या अलीकडे, बेकरीच्या दारात टाका. तिथून गाडीवाल्याला तू दिसत नाहीस, त्यामुळे तो त्याच्या मनाच्या वेगाने येतो. पुढे वळला की तू आहेसच. तू तुझ्या जागी, यंत्र त्याच्या जागी. कोणाचं पोर द्यायला नको. हे मला पहिल्या फटक्यात सुचायला हवं होतं, ते माझं रोजचं काम आहे. तुला घरी बसवायचं तेवढं सुचलं.

आणखी एक. मागच्या गल्लीतल्या लोकांशी बोला, त्यांचीही मोजणी मागा. नाहीतर तुमचे खांब त्यांच्या मुळावर येतील. हे हेडबाईंना सांग, त्यांच्या शाळेत त्या गल्लीतलीही मुलं असतील.

धाकटा

२४ सप्टेंबर

भाऊजी,

आमच्यात तह झाला आहे. तुमच्या पत्राने झाला असं मी म्हणणार नाही, नाहीतर तुम्ही शेफारून जाल.

फेरमोजणी मंजूर झाली. पुढच्या महिन्यात नळ्या पडतील, बेकरीच्या दारात. मागच्या गल्लीतही पडणार आहेत. तिकडचे लोक आधी आमच्यावर गुरकावले, मग हेडबाईंनी त्यांना शाळेत बोलावून बाकांवर बसवलं. लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाला फार वेळ भांडता येत नाही. त्यांनीही सह्या दिल्या.

आता काळजीची गोष्ट. यांना खोकला लागला आहे आणि जात नाही. संध्याकाळी अंगात कणकण असते. डॉक्टर म्हणतात, छातीत पाणी झालंय, विश्रांती घ्या. विश्रांती म्हणजे काय हे ते मलाच विचारतात. मी म्हटलं, तुम्ही झोपा, वळणावर मी उभी राहते. खूप हसले, हसता हसता खोकले. म्हणाले, तू झेंडी धरायच्या ऐवजी धुवायला काढशील.

मी हट्टाला पेटले. म्हटलं, शिकवा. मग दिवाणावर उशीला टेकून त्यांनी मला शिकवलं. झेंडी हलवायची नाही, नुसती धरायची. हलवली की तमाशा वाटतो, धरली की हुकूम वाटतो. गाडीकडे बघायचं नाही, गाडीवाल्याच्या डोळ्यांकडे बघायचं. आणि बदलीचा माणूस समोर येऊन "बदली आली" असं तोंडाने म्हणत नाही तोवर हात खाली करायचा नाही. नुसता दिसला म्हणून नाही, म्हणाला पाहिजे. मी विचारलं, एवढं कशाला? म्हणाले, दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय, आणि त्याच वेळी गाडी येते.

कोटाच्या बाह्या मी माझ्या मापाला आत दुमडून टाचल्या आहेत. उसवता येतील अशाच टाचल्या. ते बरे झाले की उसवेन.

तुम्ही या. रजा मिळायची वाट बघू नका.

वहिनी

५ नोव्हेंबर

वहिनी,

तुमच्याकडून परत येऊन इतके दिवस झाले तरी पत्र लिहायला बसलं की पेन पुढे सरकत नाही. सगळे भेटून गेले, सगळ्यांनी हेच विचारलं, की धाकटा इतक्या जवळ येऊन शेवटच्या घडीला कसा नव्हता? तुम्ही एकट्यांनी विचारलं नाही. म्हणून तुम्हालाच सांगतो.

तुमचा फोन आला आणि मी मिळेल त्या बसने निघालो. दवाखान्याकडे जाणारा रस्ता गल्लीवरूनच जातो. वळणावर मला दादाचा कोट दिसला. एक क्षण वाटलं, बरा झाला. मग बघितलं तर कोटात तुम्ही होता. तिकडे दादा पलंगावर आणि तुम्ही इथे झेंडी घेऊन उभ्या. माझ्या तोंडात तोच जाब आला, बाबांच्या वेळी दादाला विचारला होता तो, अगदी त्याच आवाजात. तेवढ्यात बेकरीकडून एक टेम्पो आला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात वर केला आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघत राहिलात. टेम्पो थांबला. तुमच्या पाठीमागून दोन मुली हात धरून गेल्या. मी बॅग खाली ठेवली आणि म्हणालो, वहिनी, बदली आली. तुम्ही झेंडी माझ्या हातात दिली आणि धावत सुटलात. कोट काढायचंही भान नव्हतं तुम्हाला.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. माझी समजूत, मुलं आत गेली की लगेच तुमच्यामागे निघायचं. पण परीक्षा चालू होती. पोरं एकदम सुटत नव्हती. ज्याचा पेपर झाला तो बाहेर, पुढची तुकडी आत, असा सारखा राबता. कोट नसल्यामुळे गाडीवाले मला जुमानत नव्हते, शर्टपँटमधल्या माणसाच्या हातात झेंडी म्हणजे त्यांना गंमत वाटत होती. मला रस्त्याच्या मधोमध उभं राहावं लागलं. तेवढ्यात बेकरीवाले निरोप घेऊन आले, की दवाखान्यातून फोन आहे, दादा तुम्हाला विचारतोय. मी त्यांना म्हटलं, ही धरा. ते म्हणाले, भट्टी पेटलेली आहे, कारागीर आला नाही, दुकान टाकून कसा उभा राहू? ते बरोबरच होतं. हेडबाई वर्गात होत्या. मी झेंडी भिंतीला टेकवून निघू शकलो असतो. चार पावलं निघालोही. मग एक छोटा मुलगा दरवाज्यातून बाहेर आला, पेपर बरा गेला असावा, पिशवी गोल फिरवत, उजवीडावीकडे न बघता. मी परत आलो.

शेवटची तुकडी गेल्यावर मी धावलो. नर्स पलंगावरची चादर बदलत होती. तुम्ही खिडकीशी बसला होता, अंगात तोच कोट. तुम्ही काही विचारलं असतंत तर माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेलं होतं.

वहिनी, मी इतकी वर्षं त्याच्यावर रागावून होतो. तो राग आता कुठे ठेवू ते कळत नाही. बाबांबद्दल समोरासमोर बोलू असं त्याला लिहिलं होतं. बोलायचं राहून गेलं. आता वाटतं, मला त्याला काही विचारायचंच नव्हतं.

ऑफिसात एक केलं. आमच्याकडे नळ्या टाकायला जाणाऱ्या मुलांना मी सांगून ठेवलंय, आधी बघा, रस्त्यावर कोणी उभं असतं का. आमचे वरचे साहेब म्हणाले, असं कोण उभं राहतं?

तुम्ही जेवता ना नीट?

तुमचा,
भाऊजी

१७ जानेवारी

भाऊजी,

उत्तराला उशीर झाला. खांब बसल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. काल बसले.

बेकरीच्या दारात वेग मर्यादेच्या कितीतरी वर भरला. पालिकेने पुलाकडचं टोक बंद करायला मंजुरी दिली, आणि मागच्या गल्लीत जड वाहनांना बंदी. पत्र आलं त्यात तेच सदर आणि विहित होतं, पण या वेळी हेडबाईंनी ते वर्गावर्गात वाचून दाखवलं. पोरांना काही कळलं नाही, टाळ्या मात्र वाजवल्या. मी ते पत्र यांच्या कप्प्यात ठेवलं. ते गेल्यापासून रोज शाळेच्या वेळी मीच उभी राहत होते. बाह्या उसवल्या नाहीत. शिवणं दुपारवर टाकलं, गणवेश उशिरा गेले, कोणी तक्रार केली नाही.

आता तुम्हाला सांगायचं ते सांगते. त्या दिवशी सांगितलं नाही, कारण तुमचा चेहरा बघवत नव्हता, आणि खरं सांगायचं तर ते थोडे दिवस मला एकटीलाच हवं होतं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा यांचे डोळे दाराकडे होते. उजव्या कानाशी बसले. म्हणाले, धाकटा? मी म्हटलं, वळणावर आहे. मी त्यांना चार्ज दिला. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तोंडाने म्हणाला का?" मी म्हटलं, म्हणाले. बदली आली असं म्हणाले. "मग ठीक आहे," म्हणाले, आणि दारावरची नजर काढून घेतली. नंतर त्यांनी परत दाराकडे पाहिलं नाही, भाऊजी. मी शेवटपर्यंत बघत होते. माझा हात धरून छताकडे बघत पडून होते, गाडी गेल्यावर फाटकावर निवांत बसत तसे. बेकरीत फोन करायला मी नर्सला सांगितलं होतं, तुम्हाला बोलवायला. तुम्ही आला नाहीत तेव्हा मला सगळं समजलं होतं. म्हणून विचारलं नाही.

तेव्हा तो राग कुठे ठेवायचा, याची चिंता करू नका. ते तुमची वाट बघत गेले नाहीत.

काल गवंडी आला. खड्डे आदल्या दिवशीच खणलेले होते. खांब उभे केले, काँक्रीट ओतलं, ओळंबा लावून पाहिलं. मी कोट घालून शेजारी उभी. एक ट्रकवाला आला, खांबांकडे बघून कपाळाला हात लावला आणि मागे मागे घेत निघून गेला. गवंडी म्हणाला, बाई, घट्ट व्हायला वेळ लागेल, तुम्ही जा. मी म्हटलं, घट्ट होईस्तोवर थांबते. शाळा सुटली, मुलं गेली, तरी दिवे लागेपर्यंत उभी राहिले, आणि उजाडताच पुन्हा गेले. आज सकाळी तो परत आला, प्रत्येक खांबाला लाथ घालून पाहिली, थापी आपटून पाहिली. म्हणाला, झालं, आता हत्तीला हलायचे नाहीत.

मी त्याला म्हटलं, "बदली आली, असं म्हण." त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. पण माणूस चांगला. हात झटकून सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "बदली आली, बाई."

मग मी झेंड्या गुंडाळल्या आणि घरी आले. येताना रस्त्याच्या मधून आले. चहा टाकलाय, तो उतू जायच्या आत पत्र पुरं करते.

तुमची,
वहिनी